पाण्यात बांधलेल्या गाठी

गाईच्या आणि वाटाण्याच्या पेशीत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एकाचं नाव हिस्टोन एच-४. लांबी १०२ अमिनो आम्लं. गाईचं एच-४ आणि वाटाण्याचं एच-४ शेजारी ठेवून ताडून पाहिलं, तर १०२ पैकी अवघ्या दोन जागी फरक आढळतो. प्राणी आणि वनस्पती यांच्या वाटा फुटून शंभर कोटींहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात डोंगर झिजून सपाट झाले, पण हे प्रथिन जवळजवळ जागचं हललं नाही. त्यावरून जीवशास्त्राच्या वर्गात एक नियम सांगितला जातो आणि तो बहुतेक ठिकाणी खराही ठरतो: ज्या कामावाचून जीवाचं चालतच नाही, ते काम करणाऱ्या प्रथिनाला उत्क्रांती सहसा हात लावत नाही.

मग फलनाचं काय? शुक्राणूने अंड्याला ओळखावं, त्याचं आवरण भेदावं, त्याच्यात मिसळून जावं, याहून अटळ काम दुसरं कोणतं? ते एकदा चुकलं की वंश तिथेच खुंटला. नियमाप्रमाणे ही प्रथिनं हिस्टोनसारखीच सनातनी निघायला हवी होती. निघाली नेमकी उलटी. समुद्रातल्या काही शंखांच्या, सागरी अर्चिनांच्या आणि शिंपल्यांच्या शुक्राणूंवरची प्रथिनं इतक्या वेगाने बदलली आहेत की अगदी जवळच्या नात्यातल्या प्रजातींतही ती एकमेकांशी धड जुळत नाहीत. झपाट्याने बदलणाऱ्या प्रथिनांची यादी केली, तर ती रोगप्रतिकारक प्रथिनांच्या पंगतीला बसतात. हे कोडं गेल्या अर्धशतकात पुष्कळसं उलगडलं. ते उलगडताना एका प्रिय उपमेचा मात्र बळी गेला, आणि तो जायलाच हवा होता.

हे सगळं समुद्रातच का पाहायचं, याचं कारण व्यवहाराचं आहे. सस्तन प्राण्यांत फलन शरीराच्या आत, आडोशाला होतं. अर्चिन, अबालोनी, कालवं, प्रवाळ यांच्यापैकी बहुतेकांचा मामला खुला. नर आणि मादी एकमेकांना स्पर्शही न करता आपापल्या जननपेशी पाण्यात सोडून देतात, आणि पुढचं सारं त्या पेशींनी आपसात निभावायचं. प्रयोग करणाऱ्याला काचेची बशी, समुद्राचं पाणी आणि सूक्ष्मदर्शक एवढं पुरतं. १८७५ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ओस्कार हेर्टविग यांनी भूमध्य समुद्रातल्या अर्चिनाच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना पाहिली आणि त्यातलं एक शुक्राणूकडून आलेलं असतं हे मांडलं. पाठोपाठ हेर्मान फोल यांनी तारामाशाच्या अंड्यात प्रत्यक्ष शुक्राणू शिरताना पाहिला. तोवर शुक्राणू नेमकं काय करतो यावर विद्वानांत मतभेद होते. म्हणजे फलन म्हणजे काय, हे माणसाला स्वतःच्या शरीरावरून कळलेलं नाही. ते काटेरी आणि बिनकण्याच्या प्राण्यांनी शिकवलं.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या वूड्स होल इथे फ्रँक लिली यांनी अंड्यांतून पाझरणाऱ्या एका द्रव्याला ‘फर्टिलिझिन’ असं नाव दिलं आणि शुक्राणूवर त्याचा जोडीदार रेणू असला पाहिजे, असं सुचवलं. दोन रेणू, एकमेकांत बसणारे आकार. पाठ्यपुस्तकांना आवडणारी कुलूप आणि किल्ली ती हीच. स्वजातीची किल्ली लागते, परजातीची लागत नाही, म्हणून प्रजाती वेगळ्या राहतात. उपमा सोपी आहे आणि पहिल्या भेटीत कामालाही येते. फसवते ती पुढे. कुलूप बनवणारा ते उघडावं म्हणूनच बनवतो, हे या उपमेत गृहीत धरलेलं असतं. अंड्याच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे.

लायसिन या प्रथिनाची गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण या विषयातल्या जवळजवळ सगळ्या कल्पना आधी त्याच्यावर घासून पाहिल्या गेल्या. अबालोनी ही चपटा, पसरट शंख पाठीवर वागवणारी समुद्री गोगलगाय. तिच्या शंखाला आतून मोत्याची झळाळी असते, आणि तिचं मांस जगभर चढ्या भावाने विकलं जातं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या केल्प नावाच्या अवाढव्य समुद्रशैवालाच्या रानात तिच्या सात प्रजाती आढळतात: लाल, गुलाबी, हिरवी, काळी, पांढरी, चपटी आणि पिंटो. त्यांतल्या अनेकींचा वावर एकाच पाण्यात, आणि प्रजननाचा काळही पुष्कळदा एकमेकांवर येणारा. तरीही निसर्गात त्यांचे संकर क्वचितच सापडतात.

लाल अबालोनीची अंडी ट्रिप्टोफॅन हे साधं अमिनो आम्ल पाण्यात सोडतात आणि शुक्राणू त्याच्या मागाने पोहत येतात. अंड्याभोवती एक चिवट आवरण असतं. शुक्राणूच्या डोक्यावर अग्रपिंड नावाची एक पिशवी असते. आवरणाशी गाठ पडली की ती फुटते आणि आतलं लायसिन बाहेर पडतं. आवरणात सुमारे ३ मायक्रोमीटर व्यासाचं भोक पडतं आणि शुक्राणू त्यातून आत जातो. नाव लायसिन असलं, तरी हे विकर नव्हे. ते काहीही कापत नाही, जाळत नाही. आवरणाचे तंतू एकमेकांना हलक्या रासायनिक ओढीने धरून असतात. लायसिन त्यांना चिकटतं आणि ती पकड सुटते. तंतू अखंडच राहतात, फक्त उसवतात. शंखधारी प्राण्यांच्या शुक्राणूंत असं आवरण विरघळवणारं द्रव्य असतं, हे कॅलिफोर्नियात आल्बर्ट टायलर यांनी १९३९ मध्येच एका मोठ्या लिम्पेटवर दाखवलं होतं. ते शुद्ध करून, त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम लावून, प्रजाती-प्रजातींत ताडून पाहण्याचं काम सान डिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत व्हिक्टर व्हॅकियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

तुलना पाहून तेही चकित झाले असणार. सुमारे १३५ अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन. १९९३ मध्ये त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. मूळ सांगाडा सगळीकडे तोच, पण वरचा पृष्ठभाग प्रजातीगणिक निराळा. सर्वांत चंचल भाग म्हणजे प्रथिनाचं सुरुवातीचं टोक. लाल अबालोनीचं लायसिन लाल अबालोनीचं आवरण चटकन उसवतं. दुसऱ्या प्रजातीच्या आवरणावर त्याचा अंमल कमी, मात्रा जास्त लागते.

बदल नुसता झाला की निवडीने घडवला, हे कसं ओळखायचं? जनुकात तीन-तीन अक्षरांचा एकेक संकेत असतो आणि एकेका अमिनो आम्लासाठी बहुधा एकाहून अधिक संकेत असतात. त्यामुळे काही अक्षरबदल मुके राहतात, म्हणजे अक्षर पालटतं पण अमिनो आम्ल तेच राहतं. काही बदल बोलके असतात. त्यांच्यामुळे अमिनो आम्लच बदलतं. बहुतेक जनुकांत मुके बदल साचत जातात आणि बोलके बदल निवडीच्या चाळणीत गळून पडतात, कारण चालू कामात बिघाड कोणालाच परवडत नाही. लायसिनमध्ये प्रमाण उलटं निघालं: बोलके बदल मुक्यांपेक्षा जास्त. १९९५ मध्ये जगभरातल्या २० अबालोनी प्रजातींची लायसिन तपासली गेली, तेव्हा ही काही एखाद्या जोडीची लहर नाही हे स्पष्ट झालं. १९९८ मध्ये त्याहून धारदार पुरावा आला. जनुकांच्या मधोमध इन्ट्रॉन नावाचे भाग असतात. प्रथिन बनवताना ते गाळले जातात, म्हणून त्यांच्यातल्या बदलांना सहसा कोणी विचारत नाही. लायसिनमधले बोलके बदल या इन्ट्रॉनांतल्या बदलांपेक्षाही वेगाने घडले होते. मोकळ्या सुटलेल्या अक्षरांपेक्षा कामावरची अक्षरं अधिक पळत असतील, तर त्यांच्या मागे कोणीतरी लागलेलं आहे, हे मान्यच करावं लागतं. लायसिनचा एक भाऊही आहे. हे १८ किलोडाल्टनचं प्रथिन त्याच अग्रपिंडात असतं, दोघांचं मूळ जनुक एक, आणि शुक्राणू व अंडं यांची आवरणं एकमेकांत मिसळण्याशी त्याचा संबंध दिसतो. ते तर लायसिनहूनही चंचल आहे.

मागे लागलेला तो कोण, याचा माग अंड्याच्या आवरणात लागला. विली स्वॉन्सन आणि व्हॅकियर यांनी १९९७ आणि १९९८ मध्ये लायसिनच्या जोडीदाराचं वर्णन केलं. त्याचं नाव व्हर्ल. हा रेणू प्रचंड आहे. सुमारे १५३ अमिनो आम्लांचा एकेक तुकडा, असे २२ तुकडे एकापुढे एक जोडलेले. एका रेणूत तीच जागा पुनःपुन्हा आल्यामुळे त्याच्यात एक विलक्षण गोष्ट घडते. एखाद्या तुकड्यात बदल झाला, तर जनुकाच्या दुरुस्तीच्या ओघात तो बदल शेजारच्या तुकड्यांवर उतरतो किंवा पुसला जातो. हळूहळू सारे तुकडे एकसारखे होतात. समजा, नवा बदल काही तुकड्यांत पसरला. उरलेले जुने तुकडे अजून लायसिनला धरतातच, म्हणून फलन थांबत नाही. पण आता नव्या रूपाशी जुळणाऱ्या लायसिनला किंचित फायदा मिळतो. बदल आणखी पसरतो, लायसिन आणखी सरकतं. स्वॉन्सन आणि व्हॅकियर यांचं म्हणणं होतं की अंडं आपल्या चालीने सरकत राहतं आणि शुक्राणूला त्याचा पाठलाग करणं भाग पडतं.

ही कल्पना देखणी होती. पाच वर्षांतच तिला पुरवणी जोडावी लागली. २००३ मध्ये ब्लांका गालिंदो, व्हॅकियर आणि स्वॉन्सन यांनी दाखवलं की २२ तुकड्यांपैकी तिसऱ्यापासून पुढचे जवळजवळ जुळे आहेत, पण पहिले दोन निराळे असून त्यांच्यावर निवडीचा दाब उघड दिसतो. म्हणजे अंडं नुसतं वाऱ्यावर वाहत नव्हतं; तेही हेतूने बदलल्यासारखं बदलत होतं. ‘हेतू’ हा शब्द इथे अर्थातच बोलीभाषेतला. २००९ मध्ये गुलाबी अबालोनीत आणखी एक खूण सापडली. लायसिन आणि व्हर्ल यांची जनुकं एकमेकांपासून वेगळी, स्वतंत्रपणे वारशात उतरणारी. तरी त्यांची ठरावीक रूपं एकाच प्राण्यात अपेक्षेपेक्षा अधिक वेळा एकत्र आढळली. जोडीदार निवडण्याचा खेळ आजही, प्रजातीच्या आत, चालू असल्याशिवाय असं होत नाही. २०१७ मध्ये ल्युका जोविने यांच्या स्वीडनमधल्या गटाने लायसिन आणि व्हर्ल एकमेकांना नेमके कुठे धरतात याची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध केली. त्यातून कळलं की व्हर्लच्या तुकड्याची घडी आणि सस्तन प्राण्यांच्या अंड्याभोवतीच्या आवरणातल्या एका प्रथिनाची घडी एकाच घराण्यातली आहे. गोगलगाय आणि माणूस यांच्या अंड्यांनी पांघरलेल्या कापडाचं सूत एकच, असं म्हणायला हरकत नाही.

सागरी अर्चिनाकडे वळलं की सूर बदलतो. इथल्या प्रथिनाचं नाव बाइंडिन. तेही व्हॅकियर यांनीच, गॅरी मॉय यांच्यासोबत, १९७७ मध्ये वेगळं केलं. अंड्याभोवतीच्या जेलीचा स्पर्श होताच शुक्राणूच्या डोक्यातून एक बारीक सुळका बाहेर येतो. त्या सुळक्यावर बाइंडिनचा लेप असतो आणि त्यानेच शुक्राणू अंड्याला चिकटतो. अंड्याच्या बाजूचा जोडीदार ओळखायला २००३ उजाडलं. आणि बाइंडिनवाचून खरोखर अडतं का, याचा निर्णायक पुरावा तर २०२१ मध्ये मिळाला. जनुक-संपादनाने बाइंडिन काढून टाकलेल्या नरांचे शुक्राणू दिसायला आणि पोहायला धडधाकट होते, पण त्यांच्याकडून फलन होईना. शोधापासून सिद्धतेपर्यंत ४४ वर्षं गेली.

बाइंडिनच्या मध्यभागी सुमारे ५५ अमिनो आम्लांचा एक गाभा आहे. अर्चिनांच्या जवळपास २५ कोटी वर्षांच्या इतिहासात तो फारसा बदललेला नाही. तिथे हिस्टोनचा नियम चालतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंचे भाग मात्र काही गटांत बेभान बदलतात आणि काही गटांत शांत असतात. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ खडकांत राहणारा एकायनोमेट्रा गट बेभानांपैकी. त्याच्या एकाच प्रजातीत बाइंडिनची कितीतरी रूपं नांदतात. आर्बेशिया आणि ट्रिप्नूस्टिस या गटांत मात्र असा काही निवडीचा दाब दिसत नाही. कारण काय? पहिलं उत्तर शेजाऱ्यांकडे बोट दाखवतं. ज्या पाण्यात जवळच्या नात्यातल्या दोन प्रजाती एकत्र राहतात, तिथे परक्या शुक्राणूला दूर ठेवण्याची गरज असते, म्हणून तिथे बाइंडिन पळतं. जिथे शेजारी नाही, तिथे ते निवांत असतं.

या उत्तराच्या बाजूने चांगला पुरावा आहे. २००३ मध्ये लॉरा गायर आणि स्टीव्हन पालुंबी यांना एकायनोमेट्राच्या एका प्रजातीत असं दिसलं की जिथे तिला नातलग शेजारी आहे, तिथल्या प्राण्यांचं बाइंडिन त्या शेजाऱ्यापासून अधिक लांब सरकलेलं आहे. पण विरुद्ध बाजूचा साक्षीदारही तोच गट आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पाण्यावर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. एकायनोमेट्राची एक प्रजाती पॅसिफिककडे राहिली, दोन कॅरिबियनकडे. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे हारिलाओस लेसिओस आणि मायकेल मॅकार्टनी यांनी या तिघींच्या जननपेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या. कॅरिबियनमधल्या लुकुन्टर प्रजातीची अंडी दोन्ही परक्यांच्या शुक्राणूंना जवळजवळ दाद देत नाहीत. जी ३० लाख वर्षांत समोरही आली नाही त्या पॅसिफिकवालीलाही नाही. उरलेल्या दोघींची अंडी मात्र लुकुन्टरचे शुक्राणू स्वीकारतात. बाइंडिनही नेमकं लुकुन्टरच्याच शाखेत वेगाने बदललेलं आढळलं. दार एकतर्फी बंद आहे. शेजाऱ्याला टाळण्यासाठीच ते बंद झालं असतं, तर त्याच पाण्यात राहणाऱ्या दुसऱ्या कॅरिबियन प्रजातीने आपलं दार उघडं का ठेवलं असतं?

हिशेब कुठेतरी प्रजातीच्या आतच चुकता होत असला पाहिजे. १९९९ मध्ये पालुंबी यांनी याची चुणूक दाखवली होती. एकाच प्रजातीच्या नरांचे शुक्राणू एकत्र सोडले, तर मादीची अंडी स्वतःच्या बाइंडिन-जनुकाशी जुळणारं रूप असलेल्या नराला झुकतं माप देत. मादी स्वतः बाइंडिन बनवत नाही. ते जनुक तिच्यात नुसतं पडून असतं. तरीही तिच्या अंड्यांची आवड त्या जनुकाच्या रूपाबरोबर चालते.

आता कुलूप-किल्लीच्या त्या अर्ध्या सत्याकडे. अंड्याला शुक्राणू हवा, पण एकच हवा. दोन शिरले की पेशी-विभाजनाची यंत्रणा दुप्पट होते, गुणसूत्रं वाटेल तशी वाटली जातात आणि गर्भ बहुधा मरतो. थिओडोर बोव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अर्चिनांवर हे दाखवलं होतं. म्हणून अंड्यापाशी संरक्षणाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिला शुक्राणू भिडताच काही सेकंदांत अंड्याच्या पटलावरचा विद्युतभार पालटतो आणि बाकीचे बाहेर राहतात, हे लॉरिंडा जॅफी यांनी १९७६ मध्ये मोजून दाखवलं. मग मिनिटाभरात अंड्याभोवती एक फलन-आवरण फुगून वर येतं. ते उचललं जाण्याआधी अंड्याच्या पृष्ठभागावरून एक लाट पसरते आणि ती पसरताच नवे शुक्राणू आत येऊ शकत नाहीत, असं बारीक निरीक्षण अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांनी वूड्स होलमध्ये १९१९ मध्येच नोंदवलं होतं. कृष्णवर्णीय असल्यामुळे या शास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांतल्या नोकऱ्यांचे दरवाजे बंद राहिले. फलनाच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव अजूनही पुष्कळदा सुटतं, हे बरं नव्हे.

या दोन्ही तटबंदी उभ्या राहायला वेळ लागतो. शुक्राणूंची झुंबड असेल तर त्या अवधीत दुसरा आत घुसतोच. तेव्हा चटकन उघडणारं अंडं धोक्यात आणि जरा अडून बसणारं अंडं सुरक्षित. उलट पाणी मोकळं असेल, नर दूर असतील, तर जे अंडं पहिल्याच शुक्राणूला पकडेल तेच वाचेल. शुक्राणूचं हित मात्र दोन्ही वेळी लवकर पोहोचण्यात. एकाच प्रजातीतल्या नर-मादीचं हित इथे फाटतं, आणि ते किती फाटतं हे गर्दीवर अवलंबून असतं.

ही गोष्ट तर्कापुरती राहिली नाही, याचं श्रेय बरंचसं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या डॉन लेव्हिटन यांचं. त्यांनी उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा लाल अर्चिन निवडला आणि प्रयोग समुद्रातच केले. २००६ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड फेरेल यांनी दाखवलं की निवड कोणत्या रूपाला उचलून धरते हे नर की मादी, गर्दी किती आणि ते रूप किती सर्रास आढळतं, यावर ठरतं. २०१२ चा त्यांचा निबंध तर या विषयातला सर्वांत वाचनीय. लाल अर्चिनात बाइंडिनची दोन रूपं सर्वाधिक आढळतात. त्यांच्यात फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा. एक रूप अंड्याला घट्ट धरतं आणि विरळ वस्तीत सरस ठरतं. दुसरं जरा सैल. त्यामुळे एकाच अंड्यात अनेक शुक्राणू शिरण्याचा धोका कमी, म्हणून दाट वस्तीत तेच पुढे. हे अर्चिन दोनशे वर्षांपर्यंत जगू शकतात. तेव्हा लेव्हिटन यांनी मोठे, वयस्क अर्चिन आणि लहान, तरुण अर्चिन वेगळे काढून त्यांची जनुकं पाहिली. वयस्कांत घट्ट धरणारं रूप जास्त, तरुणांत सैल. दोन शतकांत काय बदललं? अर्चिन खाणारी समुद्री पाणमांजरं फरच्या व्यापारात मारली गेली आणि अर्चिनांची दाटी वाढली. श्रीमंतांच्या कोटांनी एका काटेरी प्राण्याच्या शुक्राणूवरची दोन अमिनो आम्लं हलवली, असा त्याचा अर्थ निघतो. कार्यकारणाची साखळी लांब आहे आणि लेव्हिटन स्वतः सावधपणेच बोलतात. पण इतकी बोलकी साखळी उत्क्रांतीच्या अभ्यासात रोज हाती लागत नाही.

शिंपल्यांकडे पाहिल्यावर साधी सूत्रं आणखी डळमळतात. पॅसिफिक कालवाच्या शुक्राणूवरही बाइंडिन असतं, पण अर्चिनाच्या बाइंडिनशी त्याचं नातं नाही. शर्करा धरणाऱ्या वेगळ्याच प्रथिनांचं ते घराणं आहे. २००८ मध्ये समजलं की त्याचं जनुक एकच, पण त्यात शर्करा धरणारा तुकडा कुठे एकदा, कुठे पाचदा आलेला असतो, आणि जनुकाच्या अदलाबदलीने त्याची बेसुमार रूपं तयार होतात. अबालोनीत मात्र प्रजाती-प्रजातींत लायसिन भिन्न, पण प्रजातीच्या आत जवळजवळ एकच. दोन्ही प्राणी पाण्यात जननपेशी सोडणारे, दोघांनाही तीच अडचण, आणि उत्तरं टोकाची. मायटिलस या खाद्य शिंपल्याचं लायसिन तिसऱ्याच घराण्यातलं. हाताशी असलेलं कोणतंही प्रथिन उत्क्रांतीने फलनाच्या कामाला जुंपलं आणि कामाला लागताच ते पळू लागलं. वेग त्या प्रथिनात नसून त्या जागेत आहे. अंड्याच्या आवरणावर हल्ला करणारे सूक्ष्मजंतूही त्याला बदलायला भाग पाडत असावेत, असाही एक विचार आहे. तो पडताळायला कठीण असला तरी फेटाळण्याजोगा नाही.

सस्तन प्राण्यांकडे या पानांत फारसं लक्ष नाही. शुक्राणूवरचं इझुमो हे प्रथिन २००५ मध्ये जपानमध्ये आणि त्याचा अंड्यावरचा जोडीदार जूनो २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडला. त्या कथेला वैद्यकामुळे प्रसिद्धी मिळाली. प्रश्नांची धार मात्र समुद्रातच लागली होती.

प्रजाती वेगळ्या ठेवणं, हे या प्रथिनांचं एकमेव उद्दिष्ट समजणं म्हणूनच चूक आहे. अनेकदा ते वेगळेपण प्रजातीच्या आतल्या ओढाताणीचं उपफल असतं. दोन वस्त्या दुरावल्या, प्रत्येकीत नर-मादीची रस्सीखेच आपापल्या गर्दीच्या मानाने चालली, आणि पुन्हा भेटल्या तेव्हा जुळेनाशा झाल्या. शेजाऱ्याचा दाब काही ठिकाणी यात भर घालतो, सर्वत्र नाही.

पांढऱ्या अबालोनीचं उदाहरण इथे टाळता येत नाही. विसाव्या शतकात तिची इतकी उपसणी झाली की उरलेले प्राणी एकमेकांपासून फार दूर पडले. नराचे शुक्राणू मादीच्या अंड्यांपर्यंत पोहोचण्याआधी पाण्यात विरून जात. २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली तिला संरक्षण मिळालं. त्या यादीतली ती पहिली समुद्री अपृष्ठवंशी प्रजाती. बोडेगा सागरी प्रयोगशाळेत तिची पैदास सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिथे जन्मलेल्या अबालोनी पहिल्यांदा समुद्रात सोडल्या गेल्या. लाखो वर्षं घासून जुळवलेलं लायसिन तिच्यापाशी आहेच. जवळ जोडीदार नसेल तर त्याचा उपयोग नाही.

हा विषय कॅलिफोर्निया आणि पनामाच्या उदाहरणांवर वाढला असला, तरी तो तिथेच शिकला पाहिजे असं नाही. कोकणातल्या खडकांवरची कालवं आणि शिणाणे यांचं फलनही उघड्या पाण्यातच होतं. रत्नागिरी, मालवण, पणजी इथल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी हंगामात एकदा एवढं करून पाहावं: पिकलेल्या कालवांची अंडी चार बशांत सारखी वाटावीत, शुक्राणूंचं पाणी प्रत्येक बशीगणिक दहापट विरळ करत जावं, आणि तासा-दोन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावं की नीट दुभंगलेली अंडी किती, वेडीवाकडी दुभंगलेली किती आणि तशीच राहिलेली किती. पुढची प्रकरणं त्यानंतर वाचावीत.